गोदेची पंगत

सत्यनारायणाची पूजा असो, मुंजीचे पुण्याहवाचन असो की वास्तुशांत असो, गुरुजी हातावर पाणी घालून जो संकल्प सांगतात त्याकडे घरच्या मंडळींचे फारसे लक्ष नसते. कोणाचे डोळे प्रसादाच्या शिऱ्याकडे, तर कोणाचे दाराकडे, की अद्याप अमुक पाहुणे का आले नाहीत. परंतु एकदा तो संकल्प नीट कान देऊन ऐकावा. त्यात आजचा काळ सांगितलेला असतो, तसे स्थळही सांगितलेले असते. हे स्थळ सांगताना तालुका येत नाही, जिल्हाही येत नाही. येते ते गोदावरीचे नाव, आणि यजमानाचे घर तिच्या कोणत्या तीरास आहे हे. पंचवटीतला यजमान एका तीराचा आणि जुन्या नाशकातला दुसऱ्या तीराचा. आपल्या पूर्वजांनी घराचा पत्ता नदीवरून सांगण्याची चाल घातली, ह्यात भाविकपणा तर आहेच. पण थोडे व्यवहारज्ञानही असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटत आले आहे.

कारण ज्या जिल्ह्याच्या नावाने आपण आज पत्र घालतो, तो जिल्हा पाण्याच्या दृष्टीने पाहू गेल्यास एक नाहीच. नाशिक जिल्ह्यावर पडणारा पाऊस तीन वाटांनी निघून जातो. त्र्यंबक, दिंडोरी, निफाड इकडचे पाणी गोदावरीत पडून पूर्वेस वाहते आणि सुमारे १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. कळवण, बागलाण, मालेगाव इकडचे पाणी गिरणेतून तापीस जाते. पेठ, सुरगाणा इकडचे पाणी दमणगंगा, पार, नार ह्या नद्यांनी घाट उतरून पश्चिम समुद्राची वाट धरते. वैतरणा तर त्र्यंबकच्याच डोंगरांत उगम पावते आणि पाठ फिरवून कोकणात उतरते; तिच्यावर इगतपुरीकडे बांधलेल्या ऊर्ध्व वैतरणा धरणाचे पाणी मुंबईकर पितात. एकाच डोंगररांगेच्या दोन उतारांवर पडलेल्या दोन थेंबांची पुन्हा भेट म्हणून होत नाही.

ह्या तिन्ही वाटांचा कारभार तीन ठिकाणी विभागलेला आहे. गोदावरीकडील धरणे व कालवे १९९८ साली स्थापन झालेल्या गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडे येतात, आणि त्याची मुख्य कचेरी छत्रपती संभाजीनगरास आहे. गिरणा खोरे तापी महामंडळाकडे, ज्याची कचेरी जळगावास. शहराच्या नळाचे पाणी आणि मैलापाणी महानगरपालिकेकडे, पाणपक्ष्यांचे राखीव क्षेत्र वनखात्याकडे, शेतीची पिके कृषिखात्याकडे. न्यूझीलंड देशाने १९८९ साली स्थानिक कारभाराची फेररचना केली, तेव्हा प्रादेशिक परिषदांच्या सीमा बहुतांशी नद्यांच्या पाणलोटावरून आखल्या, आणि गोडे पाणी, समुद्रकिनारा व शेतजमिनीची धूप ही तिन्ही कामे एकाच परिषदेच्या हाती दिली. तो देश लहान, वस्ती विरळ. आपल्यास ते जसेच्या तसे कसे चालावे? पण नदीवरून हद्द आखण्याची कल्पना आम्हांस परकी म्हणून नाकारण्याचे कारण नाही. ती आमच्या संकल्पात आहे, आणि ह्याच जिल्ह्याच्या उत्तर भागात ती कित्येक पिढ्या प्रत्यक्ष शेतातही होती.

बागलाणातील मोसम आणि आरम, तसेच शेजारच्या धुळे जिल्ह्यातील पांझरा, ह्या नद्यांवर जागोजाग दगडी बंधारे आढळतात. त्यांवर चालणाऱ्या शेतीस फड पद्धती म्हणतात. ती तीन-चारशे वर्षांची जुनी समजली जाते. बंधाऱ्यापाशी नदीचे पाणी अडवून ते कालव्यात घ्यावयाचे, कालव्यातून चाऱ्यांत, चाऱ्यांतून सारंगांत आणि तेथून वाफ्यात. जास्त झालेले पाणी परत नदीस जाण्यासाठी सांडम ठेवलेले असत. इतपत बांधकाम कोठलाही हुशार गवंडी करील. नवल आहे ते वाटणीत.

बंधाऱ्याखालची सारी जमीन बहुधा चार मोठ्या तुकड्यांत, म्हणजे चार फडांत विभागलेली असे. एका फडात एका वर्षी एकच पीक. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात हंगामी पीक आणि कोणता फड ह्या वर्षी कोरडा ठेवावयाचा, हे पंच मंडळी ठरवीत. शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसून निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. नदीस पाणी भरपूर असेल त्या साली चारही फड भिजत. पाणी कमी असेल त्या साली तीन किंवा दोनच भिजत. मग तोटा कोणाचा? सर्वांचा, आणि सारख्या प्रमाणात. बंधाऱ्याजवळच्या शेतकऱ्याचे पीक तरारलेले आणि टोकाच्या शेतकऱ्याचे वाळलेले, असा देखावा त्या रचनेत सहसा दिसू शकत नसे, कारण जवळचा आणि टोकाचा असा वेगळा माणूसच उरत नसे.

दुसरी गोष्ट ह्याहून मार्मिक आहे. शेतात पाणी सोडण्याचे काम मालक करीत नसे. त्यासाठी पाटकरी नेमलेला असे. त्याच्यावर देखरेखीस हवालदार आणि उभ्या पिकाच्या राखणीस जागल्या. ह्या सर्वांचे वेतन सर्वांनी मिळून द्यावयाचे, आणि कालव्यातला गाळही सर्वांनी मिळून काढावयाचा. पाटकरी कोणाचा मेहुणा असो की व्याही, त्याने चारीचे तोंड ठरल्या क्रमाने उघडावयाचे आणि वेळ झाली की मिटावयाचे.

पंगतीत वाढणारा जर आपल्या जिवलगाच्या पानावर तुपाची धार धरू लागला आणि पलीकडच्यास नुसते बोट दाखवू लागला, तर आपल्याकडे त्यास पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि ते पाप समजतात. फडकऱ्यांनी वाढणाराच वेगळा नेमून हे पाप होण्याची सोय ठेवली नाही. ही उपमा लिहीत असताना एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. एकत्र कुटुंबाच्या पंगतीत न्याय असतो खरा, पण तो पानावर बसलेल्यांपुरता. सर्वांचे झाल्यावर स्वयंपाकघरात ज्या बसतात, त्यांच्या वाट्यास आमटीचा तळ येतो. टोकाच्या शेतकऱ्याचे दुःख काय असते, हे आमच्या घरांतील जुन्या सासुरवाशिणींस वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

फडांची पुढे मोडतोड झाली. वरच्या अंगास धरणे झाली, विहिरी आल्या, विहिरींवर इंजिने व पुढे विजेचे पंप बसले. ज्याच्या स्वतःच्या अंगणात पाणी आले, त्यास पंचांचे ऐकण्याची गरज वाटेना. कोठे कोठे फड अजून चालतात, पण पूर्वीची शिस्त थोड्या ठिकाणी.

इंग्रजी अमदानीत सरकारने जे मोठे कालवे काढले, त्यांची घडण अगदी निराळी. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी व कादवा ह्यांच्या संगमापाशी नांदूर-मध्यमेश्वर येथे बंधारा घालून गोदेचे उजवे व डावे कालवे कोपरगावाकडे नेले, आणि त्यांस पाणी पुरावे म्हणून इगतपुरीकडे दारणा नदीवर धरण बांधले. ते १९१६ साली पुरे झाले. हे कालवे दुष्काळाच्या धास्तीतून निघाले होते. पण उसास बारमाही पाणी लागते आणि उसाचा पैसा रोख, म्हणून पाणी लौकरच उसाकडे झुकले. एकाच गावास सारे पाणी मिळू नये, पुष्कळ गावांस थोडे थोडे मिळावे, ह्यासाठी विश्वेश्वरय्यांनी मुंबई इलाख्यात ब्लॉक पद्धत सुचविली होती. हे विश्वेश्वरय्या १८८४ साली सरकारी नोकरीत शिरले ते नाशकासच, सहायक अभियंता म्हणून. आणि पुढे धुळ्याकडे त्यांनी पांझरेच्या पाण्यावरही काम केले. त्यांची योजना कागदावर चोख होती. अडचण एवढीच, की सरकारी कालव्यावर वाढणारा हा पंगतीचा कोणीच नव्हे. तो कचेरीतून येतो.

स्वातंत्र्यानंतर धरणे वाढली, तरी ही तऱ्हा फारशी पालटली नाही. शेतकऱ्याने सात नंबरचा अर्ज भरावयाचा, पीक कोणते ते लिहावयाचे, मंजुरीची वाट पाहावयाची, आणि पाण्याची पाळी केव्हा सुटते हे पाटाकडे बघून ओळखावयाचे. आकारणी पिकाखालच्या क्षेत्रावर. प्रत्यक्ष पाणी किती घेतले ह्याचे माप कोणी घेत नसे. माप नाही म्हटल्यावर शिरोभागीचा शेतकरी हात आखडून का घेईल? रात्री पाट फोडावयाचा, दार उघडे ठेवावयाचे, आणि पहाटे टोकाच्या गावात पाटाच्या तळाशी ओलसर चिखल तेवढा पोहोचावयाचा.

ओझर हे असेच टोकाचे गाव. मुंबई-आग्रा रस्त्यावर, नाशकापासून सुमारे वीस किलोमीटर. विमानांच्या कारखान्यामुळे नाव सर्वांस ठाऊक आहे. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाचा उजवा कालवा ह्या गावाच्या शिवारापर्यंत काढलेला होता, परंतु त्याचे पाणी क्वचितच पोहोचे. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे ह्यांनी समाज परिवर्तन केंद्र ह्या संस्थेच्या द्वारे ह्या प्रश्नात लक्ष घातले. त्यांनी सरकारी दारी जाऊन नुसते गाऱ्हाणे मांडले नाही. आमच्या वाट्याचे पाणी मोजून आमच्या शिवारापाशी द्या, पुढची वाटणी आणि वसुली आम्ही करतो, असे सांगितले. १९९१ च्या सुमारास ओझरास तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या : महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा.

ह्या संस्था काय करतात, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. धरणाचा साठा पावसाळ्याच्या अखेरीस किती झाला ह्यावरून संस्थेचा वाटा ठरतो, आणि तो क्षेत्रावर नसून घनमापाने असतो. चारीच्या तोंडाशी पाणी मोजले जाते. खात्यास पैसे मापाप्रमाणे. आपल्या वाट्याच्या पाण्यात शेतकऱ्याने गहू करावा की द्राक्षे लावावी, हे त्याचे तो पाहील. मंजुरीचा प्रश्न येत नाही. पाणी मोजके आहे असे कळताच माणूस ते जपू लागतो. जे शेत पूर्वी पाट भरून भिजवीत, तेथे ठिबकाच्या नळ्या आल्या. फड पद्धतीतला पाटकरी येथे पुन्हा अवतरला, कारण संस्थेने आपला माणूस आपल्या पैशाने नेमला, आणि त्याने कोणाची दारे केव्हा उघडावी हे सभेत ठरू लागले.

आणखी एक युक्ती त्यांनी केली, ती आम्हांस विशेष आवडली. ओझरातून बाणगंगा नावाची लहान नदी जाते. तिच्यावरील बंधाऱ्यांत संस्थांनी आपल्या वाट्याचे काही पाणी सोडून मुरविले. विहिरींस पाणी वाढले. मग विहिरीवाल्यांसही संस्थेत आणून त्यांच्याकडून आकार घेतला. फडांची मोडतोड ज्या विहिरींनी केली, त्याच विहिरी येथे हिशेबात बसविल्या.

वर जे लोक सुखाने पाणी घेत होते त्यांस हे सारे प्रथम रुचले नसणार, हे उघड आहे. परंतु टोकाशी शिस्त आली की मधल्यांसही हिशेब विचारला जाऊ लागतो. हळूहळू साऱ्या प्रकल्पावर चोवीस संस्था झाल्या, आणि २००३ च्या सुमारास त्यांनी मिळून प्रकल्पपातळीवरचा एक संघ केला. म्हणजे शिर, मध्य आणि शेपूट ह्यांचे लोक एका सतरंजीवर आले. २००५ साली महाराष्ट्राने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापन करण्याविषयीचा जो कायदा केला, त्यात मोजून पाणी देणे, संस्थेच्या समितीवर शिर, मध्य व शेपूट ह्या तिन्ही भागांचे लोक घेणे, आणि पाणी टोकाकडून शिराकडे देत येणे, ही तत्त्वे आली. कायदा सर्वत्र वाघाडासारखा चालतो, असे मात्र कोणी समजू नये. अनेक ठिकाणी संस्था केवळ दप्तरात आहेत.

इतका वेळ एका कालव्याची गोष्ट झाली. आता त्या पुढच्या पंगतीकडे वळू, जेथे नाशिककर स्वतः शिरोभागी बसलेले आहेत, आणि जेथे आमचा स्वर एकाएकी पालटतो.

गोदावरी नाशकाहून पुढे पैठणास जाते. तेथे जायकवाडीचे धरण आहे. त्याचा पाया १९६५ साली लालबहादूर शास्त्री ह्यांच्या हस्ते घातला गेला आणि १९७६ साली इंदिरा गांधी ह्यांच्या हस्ते उद्घाटन झाले. त्याचा वापरता येण्याजोगा साठा सुमारे ७६ अब्ज घनफूट. एक अब्ज घनफूट म्हणजे किती, हे घरगुती हिशेबाने सांगतो. दर माणशी दर दिवशी १३५ लिटर धरले, तर दहा माणसांच्या एकत्र कुटुंबास वर्षाला जवळजवळ पाच लाख लिटर पाणी लागेल. एक अब्ज घनफुटांत अशी सुमारे सत्तावन्न हजार कुटुंबे वर्षभर राहतील. पैठणचे धरण भरावयाचे ते वरून येणाऱ्या पाण्याने. वर मात्र नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांत एकामागून एक धरणे होत गेली, आणि पाऊस ओढला की पैठणास पाणी येईना.

२००५ साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला, त्यात टंचाईच्या वर्षी एका उपखोऱ्यातील धरणांनी तूट समान वाटून घ्यावी असे तत्त्व घातले गेले. बारकाईने पाहिले तर हे फडाचेच तत्त्व होय. प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला, की १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरून पाणी सोडावे. २०१५ च्या ऑक्टोबरात १२.८४ अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा हुकूम सुटला, तेव्हा नाशकात मोर्चे निघाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समान वाटपाचे तत्त्व उचलून धरले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस पुन्हा ८.६ अब्ज घनफुटांचा आदेश आला, आणि पुन्हा तेच घडले.

पाणी सुटते त्या दिवसांत नदीकाठचे दृश्य काही अभिमानाचे नसते. वाटेतल्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढून घेतात, काठच्या पंपांची वीज तोडतात, पोलिसांचा पहारा बसतो. कोरड्या पात्रातून जाणारे पाणी वाळूत मुरत जाते. म्हणजे पंगतीत वाढावयाचे अन्न एकाच्या पानातून उचलून पहाऱ्यात दुसऱ्याच्या पानाशी नेणे, आणि वाटेत सांडणे.

नाशिककरांचे म्हणणे खोटे आहे काय? सर्वस्वी नाही. गंगापूर धरणाचे पाणी शहरास लागते आणि शहर वाढत आहे. द्राक्षबागेस ऐन वेळी पाणी चुकले तर एका वर्षाचे नव्हे, कित्येक वर्षांचे नुकसान होते. आणि ज्या त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या डोंगरांवर हा सारा पाऊस पडतो, तेथील पाड्यांवर चैत्र-वैशाखात बायका एका हंड्यासाठी डोंगर उतरतात. त्यांचे पान तर ह्या पंगतीत मांडलेलेच नाही. वाद चालतो तो नाशिक आणि पैठण ह्या दोघांत. परंतु 'आमच्या हक्काचे पाणी पळविले' हे जे वाक्य आमच्या दिवाणखान्यांत सहज उच्चारले जाते, ते आम्हांस पटत नाही. ओझरच्या वर बसलेला शेतकरीही हेच म्हणत असे.

ओझरची मंडळी आणि गोदेकाठची मंडळी ह्यांत फरक एवढाच, की वाघाडावर सर्वजण पाणी सुटण्याआधी भेटतात आणि गोदावरीवर हुकूम सुटल्यानंतर न्यायालयात भेटतात. पैठणचा शेतकरी, निफाडचा शेतकरी, त्र्यंबकच्या पाड्यावरील बाई आणि नाशिकचा नगरसेवक ह्यांनी एकत्र बसून तुटीची वाटणी आधी ठरवावी, अशी जागा ह्या नदीवर नाही. कायद्याने पाटबंधारे महामंडळांसच नदीखोऱ्याची अभिकरणे मानले आहे; पण त्यांची घडण शासकीय, तेथे आकडे बसतात, माणसे बसत नाहीत.

नांदूर-मध्यमेश्वरचे उदाहरण ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. वर ज्या बंधाऱ्याचा उल्लेख आला, त्याच्या पोटात शंभर वर्षे गाळ साचत गेला. अभियंत्यांच्या हिशेबी हे नुकसान, कारण साठा घटला. पण त्या उथळ पाण्यात व पाणवनस्पतींत हिवाळ्यात देशोदेशीचे पक्षी येऊ लागले; क्रौंच, रोहित, नाना तऱ्हेची बदके. १९८६ साली तेथे अभयारण्य झाले, आणि २०१९ साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्यास रामसर करार म्हणतात, त्याचा समावेश झाला. महाराष्ट्रात हा मान मिळालेली ही पहिली जागा. वनखात्यास गाळ हवा, वरच्या बाजूच्या गावांस पुराच्या भीतीने तो नको, पाटबंधारे खात्यास कालव्यापुरती पातळी हवी. आणि नाशिक शहराचे सांडपाणी, शुद्ध केलेले आणि न केलेले, गोदेतून ह्याच पाण्यात येऊन पडते. रामकुंडावर तीर्थ म्हणून ओंजळीत घेतलेले पाणी पुढे कोणाच्या दारी कसे पोहोचते, ह्याचा उलगडा तेथे होतो. सिंहस्थाच्या गर्दीत तर तो अधिकच स्पष्ट होतो.

हिवाळ्याच्या सुटीत मुलांस घेऊन कोठे जावे असा प्रश्न पडला, तर नाशकाहून हे ठिकाण सुमारे साठ किलोमीटरांवर आहे. चापडगावच्या बाजूने जावे, आणि उजाडतानाच पोहोचावे. ऊन चढल्यावर पक्षी दूर जातात. येताना वाट थोडी वाकडी करून ओझरही पाहावे. मात्र पाण्याची पाळी चालू आहे की नाही ह्याची आधी चौकशी करावी, कारण एरवी पाट कोरडा असतो. आणि पाट पाहावयाचा तो तोंडापाशी नव्हे, अगदी शेवटच्या चारीपाशी जाऊन.